डॉब्सनच्या पेटीला मोटर हवी का?

आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घ्यायचे ठरले, की घरात पहिली चर्चा आरशाची होत नाही, ‘गो-टू’ घ्यायची की साधी याची होते. गो-टू दुर्बीण बटण दाबताच मोटरच्या जोरावर लक्ष्याकडे वळते आणि मग त्याचा माग धरून राहते. साधी दुर्बीण हाताने ढकलायची. दोन्हींच्या किमतींत एवढी तफावत असते, की गो-टूच्या पैशांत बहुधा त्याहून मोठ्या आरशाची साधी दुर्बीण येते. अंधुक दीर्घिका आणि तेजोमेघ दिसतात ते आरशामुळे. आठऐवजी दहा इंची आरसा असेल, तर प्रकाश दीडपटीहून अधिक गोळा होतो. मोटरने तो कणभरही वाढत नाही.

ही दुर्बीण ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि बर्कलीला रसायनशास्त्र शिकले. १९४४ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. ही संस्था १९०० साली स्वामी विवेकानंदांनी स्थापन केलेली. संन्याशाजवळ पैसा कुठला? जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच घासून त्यांनी आरसा केला. दुर्बीण घेऊन मठाबाहेर लोकांना आकाश दाखवत फिरणे वरिष्ठांना रुचले नाही आणि १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने फुटपाथवर दुर्बिणी मांडणारा गट उभा राहिला. २०१४ साली ते गेले. या रचनेचे पेटंट त्यांनी कधी घेतले नाही.

रचना सुताराला तासाभरात समजावून सांगता येईल अशी आहे. प्लायवूडची पेटी, तिच्यात वरखाली झुकणारी नळी आणि खाली गोल फिरणारा पाट. जिथे घासते तिथे एका बाजूला टेफ्लॉनचे तुकडे, दुसऱ्या बाजूला खडबडीत सनमायका. या जोडीची खुबी अशी, की सुरुवातीला हलवायला लागणारा जोर आणि हलती ठेवायला लागणारा जोर जवळपास सारखाच असतो. त्यामुळे नळी हिसका न देता सरकते आणि हात काढला की तिथेच थांबते. आकाश तासाला १५ अंश सरकते. ५० अंश दृश्यक्षेत्राच्या नेत्रिकेने २०० पट वर्धन केले, तर आकाशाच्या मध्यपट्ट्यातला ग्रह मिनिटभरात नजरेबाहेर जातो. तेवढ्यात बोटाने हलकेच ढकलायचे. हाताला ही सवय लवकर लागते.

खरी अडचण शोधण्याची असते. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानीच्या रांगेने दोन तारे पुढे जायचे, दुसऱ्यापाशी शर्मिष्ठेच्या बाजूला वळायचे आणि दोन फिके तारे ओलांडायचे. तिथेच देवयानी दीर्घिकेचा लांबट धूसर ठिपका असतो. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आलेला असतो. अंधाऱ्या गावात ही वाट एकदा पायाखालची झाली, की नकाशाही लागत नाही. मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून मात्र ते दोन फिके तारे उजेडात बुडतात आणि वाटच तुटते. तिथल्या निरीक्षकाला ‘हाताने शोधा, त्यातच खरी मजा आहे’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

पण त्यावरचा उपाय मोटर हाच असायला हवा असे नाही. दोन्ही अक्षांवर एन्कोडर बसवले, की दुर्बीण कुठे रोखली आहे हे छोटा संगणक सांगतो. ढकलायचे काम आपणच करायचे. याला ‘पुश-टू’ म्हणतात. २०२० साली सेलेस्ट्रॉनने फोनवर चालणारी पद्धत आणली: फोनचा कॅमेरा आकाशाचा फोटो घेतो, ताऱ्यांची मांडणी ओळखतो आणि पडद्यावरचा बाण कुठे सरकायचे ते दाखवतो. सगळ्यांत स्वस्त युक्ती मला फार आवडते. खालच्या पाटावर अंशांची पट्टी चिकटवायची, नळीवर चुंबकाने चिकटणारा डिजिटल कोनमापक ठेवायचा आणि स्टेलारियम ॲपमधले क्षितिजापासूनची उंची आणि दिशा हे दोन आकडे जुळवायचे. पाट सपाट असेल आणि दिशेची पट्टी एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावर आधी जुळवून घेतली असेल, तर कमी वर्धनाच्या नेत्रिकेत लक्ष्य बहुधा सापडते.

मोटरचे खरे मोल दिसते ते गर्दीत. शाळेच्या मैदानावर शनी पाहायला मुलांची रांग लागलेली असताना दर मिनिटाला रांग थांबवून दुर्बीण सरकवणे जिकिरीचे असते. गुरूच्या पट्ट्यांचे रेखाटन करणाऱ्यालाही माग धरणारी दुर्बीण सोयीची पडते. मात्र अशी दुर्बीण रोज आधी दोन तेजस्वी ताऱ्यांवर जुळवावी लागते. तिच्या यंत्रात तारीख बहुधा अमेरिकी पद्धतीने, महिना आधी घालून द्यायची असते आणि कालक्षेत्र साडेपाच तास. यातले एक जरी चुकले तरी ती भलतीकडे रोखते. डोक्यावरच्या भागात लक्ष्याच्या किंचित सरकण्यासाठीही पाट भराभर फिरवावा लागतो, तिथे मोटरही अडखळते. मॉडेल निवडताना, मोटर जोडलेली असतानाही नळी हाताने हलवता येते का आणि त्यानंतर जुळणी टिकते का, हे विचारून घ्या. काही मॉडेल्समध्ये ती सोय असते.

माझे मत स्पष्ट आहे. पहिली दुर्बीण साधी घ्या आणि पैसा आरशात घाला. शहरात राहत असाल तर कोनमापक किंवा फोनची जोड द्या. लोकांना आकाश दाखवण्याचे काम नियमित करणार असाल, तरच मोटर घ्या. आणि खरेदीआधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ अशा एखाद्या संस्थेच्या आकाशदर्शनाला जाऊन दोन्ही प्रकार हाताळायला मिळतात का ते पाहा.