बिनवाऱ्याचं मैदान

मे महिन्यात पंखे बंद ठेवून माणसं घाम गाळताना दिसली, तर आत बॅडमिंटन चालू आहे असं खुशाल समजावं. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, त्याला 16 पिसं. साध्या झुळकीनंही ते रेषेबाहेर जातं. कॉलेज-विद्यापीठांतला ‘इनडोअर हॉल’ आधी वारा अडवतो, ऊन-पाऊस नंतर.

1870च्या दशकात पुण्यातले इंग्रज अधिकारी हाच खेळ ‘पूना’ नावानं खेळत. वारा सुटला की पिसांचं फूल ठेवून लोकरीचा चेंडू घेत.

हॉलचा खरा खर्च उंचीचा. कोर्ट 13.4 बाय 6.1 मीटर, एवढी जागा कुठल्याही मंगल कार्यालयात निघते. पण मोठ्या स्पर्धांना डोक्यावर 12 मीटर मोकळं लागतं, मध्ये तुळई चालत नाही. दिवे कोर्टाच्या बाजूंना लावतात, नाहीतर वर बघणाऱ्याचे डोळे दिपतात. पांढरं शटल उठून दिसावं म्हणून भिंती गडद. लाकडी जमीन खाली पोकळी ठेवून बसवलेली, उडीबरोबर किंचित दबणारी. फरशीवर हाच खेळ रोज खेळलं की गुडघे बोलू लागतात.

कोल्हापूर जिल्ह्याला छपराखालच्या खेळाचं नवल नाही. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या लाल मातीचा हौदा असलेली तालीम इथं पेठेपेठेत होती. राजाराम कॉलेजात शिकलेले कुस्तीगीर खाशाबा जाधव त्याच मातीतले. 1948 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. तिथली मॅट त्यांना नवीन होती. 1952च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. शिवाजी विद्यापीठानं खर्डेकरांचं नाव दिलंय ते ग्रंथालयाला. क्रीडागृहालाही ते शोभलं असतं!

याच जिल्ह्यात, शाहू महाराजांनी वसवलेल्या जयसिंगपुरात गल्ल्या आखीव आहेत, विक्रमसिंह मैदान ऊस परिषदेनं गाजतं. पण पावसाळ्यात उघड्या मैदानावर चिखलच. तेव्हा परिसरातल्या मुलांना छताखालची जागा हवी असते, नि नेमका त्याच वेळी कित्येक कॉलेजांतला हॉल परीक्षेच्या बाकांनी भरलेला असतो किंवा कुलपात. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्यांची सोय कशीही होते. ज्याला नुसतं तासभर खेळायचंय, त्या विद्यार्थ्यासाठी संस्थाचालकांनी संध्याकाळी सहा ते नऊ हॉल उघडा ठेवावा, आणि चार रॅकेटी कॉलेजच्या खर्चानं द्याव्यात.