खाली हळद, वर भाव

मार्च महिना. सांगलीच्या मार्केट यार्डात शिरलं की आधी नाकात हळद जाते, मग डोळ्यांत. चपला पिवळ्या, खिशातला रुमाल पिवळा. पोती फोडून ढीग मांडलेत. सौदा पुढे सरकतो तशी खरेदीदारांची झुंबड या दुकानातून त्या दुकानात सरकते. एक जण हळकुंड उचलतो, कडकन मोडतो, आतला नारिंगी गाभा उन्हाकडे धरतो. तोंडाने काही नाही. बोली तेवढी 200 रुपयांनी वाढवतो. शेतकरी मागे उभा आहे. मधे अडत्या. खरेदीदाराकडून पैसे आले नाहीत, तर शेतकरी याच्याच दारात येऊन बसणार.

दुसरा बाजार गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. अरुंद जिना, पायऱ्यांवर चपलांचा ढीग. आत एसी आहे, पण दार मिटतच नाही. टर्मिनलवर हळदीचा वायदा लाल-हिरवा होतोय. खाली राजापुरी हळदीचे ढीग आणि पडद्यावर भाव निजामाबादचा. लॉट 5 टनांचा, म्हणजे 50 क्विंटल. क्विंटलला 100 रुपये हलले की 5 हजार इकडचे तिकडे. सगळे पैसे आधी भरायचे नसतात, मार्जिन पुरतं. म्हणून तर जिन्यात एवढ्या चपला.

बाकावर रांग. कोपऱ्यात एक पोरगा वडिलांना घेऊन बसलाय, मांडीवर खातं उघडायचा फॉर्म.

"मोबाइलवर ऑर्डरला 20 रुपयांत होतं म्हणे. तुमचं ब्रोकरेज जास्त आहे."

"आहे की," डीलर पडद्यावरची नजर न काढता म्हणतो. "तिकडं उघडा, काय हरकत नाही. फक्त रात्री मार्जिन कमी पडलं तर फोन कोण करणार, तेवढं विचारून घ्या."

डीलर आपल्याच दुकानाची बाजू घेणार, हे उघड आहे. पण दलाल निवडताना विचारायचा प्रश्न हाच.

शेजारचे एक काका चष्मा कपाळावर सारतात. "नोंदणी नंबर नियामकाच्या साइटवर बघितलास का? रोख पैसे मागितले तर सरळ उठायचं. आपल्या बँकेतनं त्याच्या खात्यात, दुसरी वाट नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट 24 तासांत आली पाहिजे. एक्स्चेंजचा मेसेज येतो, त्याच्याशी ताडून बघायची."

"आणि महिन्याला ठरलेला नफा देतो म्हणाला तर?" वडील पहिल्यांदाच बोलतात.

"तर जिना उतरायचा, दादा."

एक्स्चेंजबाहेर चिठ्ठीवर होणारे डब्बा सौदे इथे सगळ्यांना माहीत आहेत. त्यात ना नोट, ना मेसेज. बुडाले तर दाद मागायला जागाही नाही.

5 वाजता हळदीचा पडदा थांबतो. खाली हमाल ट्रक भरतायत. वर चहा फिरतो आणि माणसं बदलतात. आता चांदी, नॅचरल गॅस, कच्चं तेल. अमेरिकेतल्या घड्याळाप्रमाणे हे रात्री साडेअकरा, नाहीतर बाराला 5 कमी असेपर्यंत चालतं. तेलाचा मोठा लॉट 100 बॅरलचा. एप्रिल 2020 चा विषय निघाला की खोली गप्प होते. टाळेबंदीमुळे इथला बाजार संध्याकाळी 5 लाच बंद झालेला, रात्री तिकडे भाव शून्याखाली. वायदा बॅरलला उणे 2,884 रुपयांवर मिटला. ज्यांनी तेजी धरली होती, त्यांचं मार्जिन गेलं आणि वर देणंही उरलं.

रात्रीचे 9. तेल घसरतंय. डीलर फोन लावतो, स्पीकरवर.

"साहेब, मार्जिन शॉर्ट आहे. पैसे टाकताय, का कापू?"

"थांब जरा, वर येईल."

"माझ्या हातात नाही साहेब. 10 मिनिटं."

पोरगा आणि वडील अजून बसलेत. फॉर्म तसाच कोरा. दोघंही पडद्याकडे नाही, फोनकडे बघतायत. पैसे येत नाहीत. डीलर दोनपैकी एक लॉट कापतो आणि कोणत्या भावाला कापला, ते परत फोन करून सांगतो. पलीकडून शिव्या येतात. तो सगळ्या ऐकून घेतो, "नोट सकाळी मेलवर येईल" म्हणतो आणि पुढचा नंबर लावतो.