इंचभर काडतूस, बहात्तर वर्षांची प्रतीक्षा

लांबी जेमतेम एक इंच. आतल्या शिशाच्या गोळीचं वजन २.६ ग्रॅम. तुमच्या पेन ड्राइव्हपेक्षाही छोटं असलेलं हे पॉइंट टू-टू काडतूस घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ पटकावलं. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, स्कोअर ४५१.४!

पुण्याहून कोल्हापूरला निघालात की आधी कराड लागतं, मग पेठ नाक्यावर इस्लामपूरचा फाटा. हा सगळा पट्टा कुस्तीचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ जिंकलं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. आणि मिळालं तेही रायफलनं!

दिवाणखान्यातून रेंजवर

या काडतुसाचा जन्म चक्क घरगुती करमणुकीतून झाला. १८४५ च्या सुमारास फ्रान्सच्या फ्लोबेरनं छोट्या स्फोटक टोपीतच छर्रा बसवला. दारू नाहीच, त्यामुळे दिवाणखान्यात नेमबाजी करता यायची. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसननं त्यात दारू भरून 'शॉर्ट' आणलं. १८८७ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीनं नळी लांब ठेवून गोळी जड केली आणि 'लाँग रायफल' तयार झालं. आजही ऑलिंपिकमध्ये तेच चालतं, बॉस!

फंडा काय?

पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत असतो. पिन कडेवर आपटली की ठिणगी पडते, दारू पेटते. कड चेपते, म्हणून काडतूस पुन्हा भरता येत नाही. मॅचच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवतात. नाहीतर वाटेत वेग त्याखाली उतरताना गोळी डळमळू शकते.

आणि ५० मीटरवरचं टार्गेट? दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं! मसाला कणभर कमी-जास्त झाला तरी निशाणा हलतो. म्हणूनच नेमबाज आपल्या बॅरलवर वेगवेगळे लॉट तपासतात आणि जमलेला लॉट जपून वापरतात.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, तेही याच काडतुसावर. तेव्हा पुढच्या वेळी पेठ नाक्यावर चहाला थांबलात, तर या रस्त्यावरच्या पैलवानांबरोबर नेमबाजांचीही आठवण काढाच!