टायरलाही ऋतू असतो

मार्च उजाडला की मलकापूर-नांदुऱ्याकडच्या पंक्चरच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "उन्हाळा लागला, दोन पॉइंट हवा कमीच ठेव." सांगणारा अनुभवी असतो, ऐकणारा मान डोलावतो आणि कॉम्प्रेसरची नळी लवकर काढली जाते. तापलेली हवा फुगते, फुगलेली हवा टायर फोडते, म्हणून आधीच जागा करून ठेवावी, हा त्यामागचा तर्क. तर्क ऐकायला सरळ आहे आणि पूर्ण उलटा आहे. उन्हाळ्यात टायर फुटण्याच्या कारणांत कमी हवा अगदी वरच्या क्रमांकावर येते.

ते का, हे पुढे येईलच; पण टायर आणि ऋतू यांचे नाते समजायला आधी जरा थंड प्रदेशात जाऊन यावे लागेल. जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना टायरचे दोन संच सांभाळावे लागतात. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर आणि उरलेले महिने उन्हाळी, असा तिथला लोकांचा हिशोब. कायदा तारीख सांगत नाही, परिस्थिती सांगतो : रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला चिखल असेल तर हिवाळी टायर हवेतच. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च अशी ठरलेली मुदत आहे. या टायरांची परंपरा जुनी आहे. फिनलंडच्या कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियनने, १९३४ साली ट्रकसाठी खास बर्फाचा टायर बनवला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी 'हक्कापेलीट्टा' आणला.

हिवाळी टायर म्हणजे खोल नक्षीचा टायर, असा समज आहे. नक्षी वेगळी असते हे खरे. तिच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरतात आणि खाचांत दाबला गेलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला पकडतो. पण खरा फरक रबराच्या घडणीत आहे. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. हे रेणू वळवळू शकतात तोवर रबर मऊ असते आणि रस्त्याच्या खडबडीत कणांमध्ये घुसून पकड घेते. तापमान खाली गेले की वळवळ मंदावते आणि एका टप्प्यावर रबर काचेसारखे कडक होते. नैसर्गिक रबराचा हा टप्पा उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. मग युरोपात ७ अंशांखाली टायर बदला, असे का सांगतात? कारण ब्रेक दाबल्यावर रस्त्याचा प्रत्येक बारीक कण रबराला सेकंदात हजारो वेळा दाबतो आणि सोडतो. इतक्या घाईत रेणूंना सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून काचेच्या टप्प्यापेक्षा कितीतरी वरच्या तापमानालाही रबर कडक असल्यासारखे वागू लागते. रबरासाठी घाई आणि थंडी यांचा परिणाम एकच. उन्हाळी टायरच्या मिश्रणात हा परिणाम साधारण सात अंशांखाली जाणवू लागतो. हिवाळी टायरमध्ये सिलिका आणि थंडीतही मऊ राहणारी रबरे जास्त घालून तो पुढे ढकललेला असतो.

बुलढाण्याला हे कितपत लागू पडते? विदर्भात हे शहर थंड म्हणून नावाजलेले. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांजवळ येतो, क्वचित त्याखालीही. पण सूर्य वर आला की ती थंडी ओसरते आणि आपल्याकडे विकला जाणारा साधा टायर ती सहज पेलतो. उलट खरा हिवाळी टायर इथे लावला तर मे महिन्यात त्याचे मऊ ठोकळे तापल्या रस्त्यावर डगमगतील, ब्रेकचे अंतर वाढेल आणि नक्षी लवकर झिजेल. कुठे जुन्या आयात टायरांच्या ढिगात तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चित्र, म्हणजे हिवाळी टायरची खूण, असलेला टायर स्वस्तात दिसला, तर तो तिथेच राहू द्यावा. ज्यांना हिवाळ्यात गुलमर्गला गाडी न्यायची आहे त्यांनी तंगमर्गनंतर चाकांना साखळ्या लावाव्या लागतात एवढे लक्षात ठेवावे.

आपला टायर आपल्या उन्हाळ्यासाठी निवडायचा आहे. आणि गेल्या तीन-चार वर्षांत या उन्हाळ्यात एक नवी गोष्ट मिसळली आहे : वेग. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ पासून सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता चालू आहे. त्यातले सुमारे ९० किलोमीटर बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जातात. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. याआधी इथली बहुतेक चाके खड्डे, घाट आणि गावोगावच्या गतिरोधकांमुळे आपोआप सावकाश फिरत होती. टायरची परीक्षा पाहणारा रस्ताच आपल्याकडे नव्हता.

लहान मोटारीच्या १५ इंची चाकाचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. १२० च्या वेगाला ते सेकंदाला सतरा फेरे घेते. जिल्ह्यातले ते ९० किलोमीटर संपेपर्यंत सुमारे ४६ हजार. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना चपटा होतो आणि सुटताना पुन्हा गोल होतो. लोखंडी तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिले की ती बोटांना चटका देते. टायरच्या बाजूच्या भिंतीत हेच चाललेले असते. वाकवण्यात घातलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, थोडी उष्णता म्हणून ठेवून घेते. हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो आणि जास्त तापतो. वर पाच माणसे आणि लग्नाचे सामान असेल तर आणखी. वेग फार वाढला तर रस्त्यावरून सुटलेला भाग गोल व्हायच्या आतच पुन्हा रस्त्यावर येतो, आणि टायरच्या मागच्या बाजूला रबराची एक लाट उभी राहते. ही लाट कुठल्या वेगाला उठणार हे हवेच्या दाबावर ठरते : दाब कमी, तर लाट लवकर. एकदा ती उठली की टायर मिनिटांत इतका तापतो की पोलादी तारांच्या पट्ट्यांपासून रबर सुटू लागते. आपण ज्याला 'टायर फुटला' म्हणतो ते पुष्कळदा असे उकलणे असते.

मग तापलेल्या हवेच्या फुगण्याचे काय? त्याचा हिशोब शाळेतल्या वायूच्या नियमाने करता येतो. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय, म्हणजे दुकानातल्या भाषेत ३३ पॉइंट, भरलेला टायर आतून ६० अंशांपर्यंत तापला तर दाब ३८ च्या जवळ जातो. धडधाकट टायर याहून बराच जास्त दाब सोसेल असाच बनवलेला असतो आणि कंपनीने ३३ हा आकडा ही वाढ धरूनच दिलेला असतो. आता वाटेतल्या पंपावर कोणी तापल्या टायरला गेज लावून ३८ पाहतो, घाबरून पाच पॉइंट सोडतो आणि समाधानाने पुढे निघतो. त्याचा टायर थंड झाल्यावर २९ च्याही खाली असतो. दुसऱ्या दिवशीचा प्रवास तो कमी हवेवर सुरू करतो, म्हणजे टायर आदल्या दिवसापेक्षा जास्त तापवण्याची सोय करूनच निघतो.

हवा थंड टायरमध्येच मोजायची. गाडी तीनेक तास उभी असावी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. भरलेल्या गाडीसाठी तिथे बहुधा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे.

बुलढाणेकरांनी हिवाळ्यासाठी काही करायचेच असेल तर ते हवेचेच आहे. मेच्या दुपारी ४० अंशांना ३३ भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांना साडेअठ्ठावीसच्या आसपास उतरतो, आणि दरम्यान झिरपून गेलेली हवा वेगळी. घाटाखालून घाटावर आल्याने काय होते, असे कोणी विचारले तर उत्तर गमतीचे आहे. राजूर घाट चढून बुलढाण्याला आल्यावर बाहेरचा वातावरणदाब कमी होतो, म्हणून गेज अर्ध्या पॉइंटहून थोडा जास्त आकडा दाखवील. वर हवा थंड असल्याने जवळपास तेवढाच दाब कमी होतो. दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. त्याची चिंता नको.

नायट्रोजनचीही फार चर्चा होते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर तो हवेइतकाच फुगतो. तो कोरडा असतो आणि ऑक्सिजनपेक्षा सावकाश झिरपतो, इतकाच फायदा. फुकट मिळत असेल तर घ्यावा. महिन्यातून एकदा गेज लावणाऱ्याला त्याची गरज नाही.

काँक्रीटच्या रस्त्यामुळे टायर फुटतात, हा समृद्धीनंतरचा आणखी एक लाडका सिद्धान्त. काँक्रीट फिकट असते, डांबर काळे. त्याच उन्हात डांबराचा पृष्ठभाग साधारणपणे जास्त तापतो. टायरमधली बहुतेक उष्णता रस्त्यातून येत नाही, ती टायर स्वतःच तयार करतो. आणि प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे पहिल्या काही तासांत सगळीकडे सांगितले गेले; परिवहन कार्यालयाच्या अहवालाने मात्र टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचे नोंदवले. टायर निर्जीव असल्याने तो आपली बाजू मांडत नाही. तरी त्याच वर्षी परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, हे योग्यच झाले.

गोटा टायरचा खरा धोका पावसात आहे. नक्षीच्या खाचांतून पाणी बाहेर गेले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते उरतात. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर होर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून यासाठी एक साधे सूत्र दिले. ते गुळगुळीत टायरला लावले तर ३३ पीएसआयला ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास चाक तरंगू लागते आणि २२ पीएसआयला ७८ च्या आसपासच. म्हणजे आषाढातही हवा कमी असणे वाईटच. कायद्याने मोटारीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेत तेवढ्याच उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मला स्वतःला मृगाच्या आधी तीन मिलिमीटरचा नियम पाळणे शहाणपणाचे वाटते.

नवा टायर घेताना त्याच्या अंगावरची अक्षरे वाचावीत. '१८५/६५ आर १५ ८८ एच' यातले १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ हे भिंतीच्या उंचीचे रुंदीशी टक्केवारीतले प्रमाण, १५ इंचांची रिम. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोंपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०. १२० च्या रस्त्याला इतकी क्षमता कशाला, असे वाटेल. हा आकडा योग्य हवा, योग्य भार आणि नवा टायर धरून दिलेला असतो, आणि भर उन्हात, भरलेल्या गाडीत, चार वर्षांच्या टायरला ती शिल्लक उपयोगी पडते. कंपनीने दिलेल्या अक्षरापेक्षा खालचे अक्षर घेऊ नये. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, टायर मोटारीला लावून समृद्धीवर जाणे तर मुळीच नको.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा वेगळाच आहे. इंग्रजी 'डॉट' या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. आपल्याकडे गाडी महिन्यातून चारदा निघते, नक्षी नव्यासारखी दिसते आणि टायर सात वर्षांचा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की रबराच्या ऑक्सिडीकरणाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. घाटाखालच्या अंगणात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा टायर न चालताही म्हातारा होतो. भिंतीवर बारीक भेगा किंवा कुठे फुगा दिसला तर वय पाहायचीही गरज नाही, तो टायर बदलावा.

बसवण्याबाबत एकच वाद नेहमी होतो. दोनच नवे टायर घेतले तर ते पुढे लावायचे की मागे? बहुतेक जण पुढे म्हणतात, कारण स्टिअरिंग पुढे. मागे लावावेत. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ते आवरणे भल्याभल्यांना जमत नाही. बॅलन्सिंगचे पैसे वाचवू नयेत. रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा असमतोल १२० च्या वेगाला साडेसहा किलोंच्या धक्क्याएवढा होतो, आणि तो सेकंदाला सतरा वेळा बसतो. टायरवर दिशेचा बाण असेल तर तो पुढे फिरणाऱ्या बाजूला हवा. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायला सांगावे आणि शे-सव्वाशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

स्टेपनीची हवा आणि तिचे वयही त्याच फेरीत पाहून घ्या. आणि नवे टायर घ्याल तेव्हा प्रत्येक टायरचे ते चार अंक दुकानदाराकडून बिलावर लिहून मागा. वर्षभराहून जुना माल असेल तर दुसरा मागायला संकोच करू नका.