संमतिपत्रातील ‘मी’

औषधांच्या चाचणीत सहभागी होण्याची तयारी हा विषय सामान्यतः वैद्यक आणि विधी या दोन शास्त्रांच्या अधिकारातील मानला जातो. तथापि ही तयारी अखेर एका लिखित मजकुरात नोंदवली जाते, आणि मजकुराविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार भाषाभ्यासकालाही पोहोचतो.

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेची संमती अनिवार्य ठरवली. भारतात आज २०१९ चे ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम’ लागू असून त्यांच्या परिशिष्टात संमतिपत्राचा नमुना दिला आहे. त्यातील विधाने प्रथमपुरुषी एकवचनी आहेत: मी माहितीपत्रक वाचले, मला ते समजले, मला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली, कारण न देता मी केव्हाही बाहेर पडू शकतो. व्याकरणदृष्ट्या हा ‘मी’ सही करणाराचा; वाक्ये मात्र त्याची नव्हेत. एरवी ‘मला समजले’ हे विधान माणूस समजल्यानंतर करतो. येथे ते त्याच्या समजण्याआधीच छापून तयार असते. एका कलमात तर निष्कर्षांच्या वैज्ञानिक वापरावर निर्बंध न घालण्यास संमती मागितली आहे. म्हणजे परवानगी द्यावयाची, ती नकाराला होकार देऊन! पदव्युत्तर वर्गातही हे वाक्य दोनदा वाचावे लागेल.

हा ‘मी’ किती पोकळ होऊ शकतो, हे २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात (आता तेलंगणात) आणि गुजरातेत शाळकरी मुलींना दिलेल्या गर्भाशयमुख-कर्करोगावरील लशीच्या प्रकल्पात दिसले. संसदीय स्थायी समितीच्या ऑगस्ट २०१३ मधील अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत प्रस्थापित झाला नाही. पण संमतीचा प्रश्न त्याने मिटत नाही. प्रकल्पाला ‘चाचणी’ न म्हणता ‘प्रात्यक्षिक’ म्हटले गेले होते, यावरही समितीने बोट ठेवले. नाव बदलले की नियम बदलतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे झाले. २०१५ पासून ते असुरक्षित गटांतील व्यक्तींवर नव्या रासायनिक वा रेण्वीय घटकाची चाचणी असेल तेवढ्यापुरते उरले. निरक्षरासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. या तरतुदी स्वागतार्ह खऱ्या. परंतु कॅमेऱ्यात होकार टिपला जातो, आकलन टिपले जातेच असे नाही.

मराठीत ही अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘रक्ताची चाचणी’ आणि ‘औषधाची चाचणी’ या रचना सारख्याच दिसतात. पहिलीत चाचणी रोग्याच्या हितासाठी असते. दुसरीत पारख औषधाची असते आणि रोगी केवळ तिचे साधन ठरतो. ऐकणारा स्वाभाविकपणे पहिला अर्थ दुसऱ्यावर लादतो. संशोधनालाच उपचार समजण्याच्या या प्रवृत्तीकडे अमेरिकेत अॅपलबाम आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये लक्ष वेधले होते. आपल्याकडे शब्दच तिला हातभार लावतो. शिवाय दवाखान्यात संमती ‘घेतली’ जाते. म्हणजे क्रियापदाचा कर्ता डॉक्टर. ‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर’ हे उत्तर विश्वास दाखवते. त्यालाच संमती समजणे सोयीचे असले, तरी माझ्या मते ते चूक आहे.

माहितीपत्रकाच्या अनुवादाची मूळ मजकुराशी तुलना केली जाते. त्याने अर्थाची समानता तपासली जाते, सुबोधता नव्हे. त्याऐवजी रोग्याला समजलेले त्याच्याच शब्दांत सांगावयास लावावे. ‘तुम्हाला कोणती गोळी मिळणार, हे कोण ठरवील?’ एवढे विचारले तरी बरेच कळते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी होणार असता ‘डॉक्टर’ असे उत्तर आले, तर सही पुढे ढकलून पत्रक पुन्हा समजावून द्यावयास हवे.