बंदीच्या 61 दिवसांत पायही तपासून घ्या



गेल्या मोसमात आमच्या एका तांडेलाच्या तळपायात माशाचा काटा रुतला. मधुमेहाने पाय बधीर झालेले, त्यामुळे दुखलंच नाही. जखम चिघळली, इस्पितळात दाखल करावं लागलं, एक बोट गेलं. ओपीडीतून दर महिन्याला गोळ्या मिळायच्या. पाय कुणी बघितले नाहीत, आणि आम्हीही दाखवले नाहीत.

1 जून ते 31 जुलै बंदी. ट्रॉलर जेटीला लागले की आपण इंजिन उघडून बघतो ना? तसंच मधुमेह असलेल्यांनी आरोग्य केंद्रात जावं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी मागा, चप्पल काढून पाय दाखवा. घरीही रोज रात्री तळपाय बघा, नाहीतर घरच्यांकडून बघून घ्या. जखम दिसली तर हळद लावून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.