ताडकळसच्या गंगूबाईंचा गळा

परतूरच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीच्या तोंडाशी जात्याची एक तळी पायरी म्हणून बसवलेली आहे. मधल्या भोकात आता शेवाळ साचतं. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्याच पायरीजवळ आई तांदूळ निवडत बसली होती आणि मी फोनवर एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. पहिल्या ओवीतच आईचा हात सुपात थांबला.

"कुठली रे ही बाई?"

"ताडकळसची. परभणीच्या पुढं, पूर्ण्याकडची."

"मग आपलीच की. उलीसा आवाज वाढव."

ही बाई म्हणजे गंगूबाई अंबोरे. एप्रिल १९९६ मध्ये ताडकळसला त्यांचा आवाज टेपवर उतरला. रेल्वेनं परतूर सोडलं की सेलू, मानवत रोड, परभणी. तिथून पुढं पूर्ण्याच्या वाटेवर ताडकळस. एवढ्या जवळचा हा आवाज माझ्या कानावर पडायला वीसहून अधिक वर्षं गेली. तोही इंटरनेटवरून. कॉलेजात ओवी हा प्रकार मी दोन वर्षं शिकलो होतो, परीक्षेत त्यावर टिपाही लिहिल्या होत्या, पण त्या दोन वर्षांत एकही ओवी कोणी ऐकवली नव्हती.

ही मुद्रणं झाली ती हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्यामुळे. पॉयटवँ मूळचे फ्रान्सचे. भारतात आले आणि इथलेच झाले. मुळशीच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना दोघांना उमगलं, की सभेत तोंड न उघडणाऱ्या बाया जात्यावर सगळं सांगून मोकळ्या होतात. सासूचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीच्या जन्माचं दुःख, पंढरी, सगळंच. नांदगावच्या कुसुम सोनवणे यांच्यासारख्या त्याच भागातल्या बायका या कामात उतरल्या. गावोगावच्या ओव्या आधी वहीत आल्या. पुढं बर्नार्ड बेल हा फ्रेंच अभियंता आणि संगीताचा अभ्यासक येऊन मिळाला आणि नव्वदच्या दशकात शंभर तासांहून अधिक आवाज टेपवर उतरला. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या आणि एक लाखाहून जास्त ओव्या, असा तो ऐवज आहे. २००४ मध्ये पॉयटवँ गेले, २०१० मध्ये हेमाताई. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'नं नमिता वाईकर, आशा ओगले, जितेंद्र मैड, रजनी खळदकर यांच्या मेहनतीतून हा ठेवा लोकांपुढं आणायला सुरुवात केली.

माझ्या दृष्टीनं या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट आकड्यांत नाही. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आहे, गाव आहे. 'लोकगीत' हा शब्द आपण आदरानं वापरतो, पण तो उच्चारताच गाणारी बाई पुसली जाते. 'अनाम प्रतिभा' असा गौरव करून आपण मोकळे होतो. अनाम कोण होतं? विचारणारं कोणी नव्हतं, एवढंच.

छापील संग्रहांचं ऋण मी मानतो. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी आयुष्य वेचलं, आमच्या मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी हे काम मायेनं केलं. ते नसते तर शब्दही उरले नसते. पण ओव्या म्हणणाऱ्या बायका चालीला 'गळा' म्हणतात, आणि कागदावर नेमका गळाच येत नाही. पुस्तकातली दोन ओळींची ओवी गाताना दोन ओळींची राहतच नाही. अर्धी ओळ म्हणायची, मागं यायचं, मधे 'बाई' किंवा 'गं' घालून श्वास सावरायचा, दुसऱ्या हातानं जात्यात दाण्यांची वैरण टाकायची, मग उरलेली ओळ सोडायची. यातली प्रत्येक जागा गाणारी स्वतः ठरवते. तिथंच एक गळा दुसऱ्यापासून वेगळा होतो.

गंगूबाई सीतेचा वनवास गातात. त्यांच्या ओवीत रानात कोणी रडतं आहे, आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. इथं मला दर वेळी थांबावं लागतं. रामायणातलं अरण्य आपण घनदाट समजतो. साल, अशोक, वेली, मोर. गंगूबाईंची सीता आमच्या दुधना काठच्या माळावर बसली आहे. बोर आणि बाभूळ, दोन्ही काट्यांची झाडं; कोणी लावत नाही, पाणी घालत नाही, दुष्काळात टिकतात. टाकलेल्या बाईपाशी येऊन बसणाऱ्या शेजारणी त्या झाडांतून निघाव्यात, यापेक्षा नेमकं दुसरं काही मला सुचत नाही.

गंगूबाईंना स्वतःला कुष्ठरोग झाला आणि घरच्यांनी टाकलं. त्या गावातल्या देवळाच्या आसऱ्यानं राहिल्या. हे कळल्यावर त्यांचं गाणं फक्त त्यांच्या दुःखाचा पुरावा म्हणून ऐकण्याचा मोह होतो. मी तो टाळतो. दुःख तर गावात चार जणींना होतं. स्वर कुठं ओढायचा, कुठं मऊ करायचा, शब्द कुठं सोडून द्यायचा, ही जाण सगळ्यांना नव्हती. ती गंगूबाईंची कमाई. अशा गळ्याला कलावंताचा गळा म्हणायला आपली जीभ का अडखळते?

परतूरहून दक्षिणेला गोदावरी ओलांडली की माजलगाव. त्याच १९९६ सालच्या एप्रिलात तिथल्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींच्या ओव्या मुद्रित झाल्या. गळा जात्यावरचाच, पण त्यात भीमराव, रमाबाई, बुद्ध. त्या काळात बसस्टँडवरच्या टपऱ्यांत प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या भीमगीतांच्या कॅसेटी वाजायच्या. आमचं लहानपण त्यांवरच गेलं. पण घरात बसून बाबासाहेबांना भाऊ, बाप मानणाऱ्या बायांची कॅसेट कधी दिसली नाही. कर्ण्यावरच्या आवाजाला बाजार होता, पहाटेच्या आवाजाला नव्हता. शिवाय तोवर पिठाची गिरणी गावोगाव झाली होती. हातांची सुटका झाली, ते बरंच झालं. दळणाच्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. पण या बाया १९९६ मध्ये गात होत्या तेव्हा बऱ्याच जणींची जाती कधीच बंद पडली होती. गाणं होतं ते आठवणीतलं.

असं फक्त इथंच घडलं नाही. दूर अमेरिकेतल्या अलाबामात व्हेरा हॉल नावाची एक कृष्णवर्णीय बाई लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून पोट भरायची. १९३७ पासून लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आणि पुढं त्यांचा मुलगा ॲलन यांनी तिचा आवाज मुद्रित केला. १९६४ मध्ये ती गेली. १९९९ मध्ये मोबी या संगीतकारानं तिचा आवाज आपल्या गाण्यात घेतला आणि तो जगभर पोचला. तिकडच्या सोल संगीताचं मूळ अशाच चर्चमधल्या आणि कामाच्या गाण्यांत आहे. आपल्याकडंही तसंच. जनाबाईंच्या गंगाखेडपासून ताडकळस किती दूर आहे? दळता दळता विठ्ठलाला हाक मारणारी जनी ज्या मातीतली, त्याच मातीतला हा गळा आहे. जनीचं नाव तिच्या अभंगात गुंफलेलं राहिलं, म्हणून टिकलं. ओवीत नाव गुंफायची रीत नव्हती.

दसऱ्यानंतर आईच्याच ओव्या फोनवर घ्यायच्या ठरवल्या. ती आधी नाहीच म्हणाली. जात्याशिवाय सुचत नाही म्हणे. न्हाणीजवळची तळी काढून धुतली, पण तिची टाकी कधीच झिजली आहे आणि टाकी लावून देणारी बाई परतूरच्या बाजारात आता दिसत नाही. शेवटी आई नुसतीच मांडी घालून बसली आणि उजवा हात हवेत गोल फिरवायला लागली. दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि माहेरच्या वाटेची ओवी आली.

मधेच थांबून तिनं विचारलं, "माझं नाव घातलंस का रे त्यात?"

मी बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं. तिचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तारीख सांगितली. तिचा हात फिरतच होता.